अडचण मोजा, वाट शोधा : खारजमिनीतील भातशेतीचा धडा



शेतीची चर्चा सुरू झाली की अडचणींची यादी लवकर तयार होते. पाणी पुरत नाही, मजूर मिळत नाहीत, जमीन हलकी आहे, भांडवल अपुरे आहे. या यादीतील बहुतेक गोष्टी खऱ्या असतात. परंतु आज उपयोगात असलेल्या अनेक पद्धतींचा उगम शोधला, तर असे दिसून येते की त्या सर्व काही मुबलक असलेल्या ठिकाणी निघालेल्या नाहीत. कोठे जमीन खारी होती, कोठे वेळ कमी पडला, कोठे माणसे कमी पडली, आणि तेथेच नवी रीत जन्माला आली.

याचा अर्थ अडचण आली की युक्ती आपोआप सुचते, असा मुळीच नाही. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हणही अनुभवातूनच आलेली आहे. मग अडचण माणसाला लाचार केव्हा करते आणि कल्पक केव्हा बनवते? या पाठात आपण हा प्रश्न पनवेल परिसरातील खारजमिनीच्या उदाहरणाने समजावून घेणार आहोत. पनवेलची खाडी, उरण, पेण आणि अलिबाग या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्राच्या शेजारी भात पिकविले आहे. येथेच पनवेलला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्रही आहे. या विषयासाठी यापेक्षा जवळची शाळा मिळणे कठीण आहे.

अडचणीचे दोन भाग

प्रत्येक अडचणीत दोन भाग असतात. पहिला भाग आपल्या हातात नसतो. दुसरा भाग बदलता येतो, पण तो पहिल्या भागात मिसळलेला असल्याने दिसत नाही. ‘आमची जमीन खारी आहे’ या एका वाक्यात दोन्ही भाग एकत्र आहेत. समुद्र शेजारी आहे, भरती दिवसातून दोन वेळा येणार, जमीन भारी व चिकण आहे, या गोष्टी कोणालाही बदलता येत नाहीत. परंतु क्षार केव्हा वर येतात, कोणत्या दिवसांत पिकाला बाधतात, पावसाचे पाणी शेतात किती काळ थांबते, या गोष्टींवर बऱ्याच प्रमाणात नियंत्रण ठेवता येते.

जोपर्यंत हे दोन भाग वेगळे केले जात नाहीत, तोपर्यंत माणूस एक तर न बदलणाऱ्या गोष्टीशी झगडतो, किंवा सर्वच सोडून देतो. ते वेगळे केले की विचाराला जागा मिळते. शंभर वाटा बंद आहेत असे कळले की उरलेल्या दोन-चार वाटांवर सारे लक्ष देता येते. मर्यादेचा खरा उपयोग हाच आहे.

क्षारांचा हिशेब

खारजमिनीतील क्षार वर्षभर एका जागी राहत नाहीत. पावसाळ्यात ते पाण्याबरोबर खाली व बाहेर जातात. भात निघाल्यावर जमीन उघडी पडते, ऊन वाढते, आणि खालच्या खाऱ्या पाण्याचा ओलावा मातीतील बारीक केशनलिकांतून वर चढतो. पाणी वाफ होऊन उडून जाते व क्षार पृष्ठभागावर राहतात. मार्च ते मे महिन्यांत खाचरात दिसणारा पांढरा थर तो हाच.

मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता २५ अंश सेल्सिअस तापमानास ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असल्यास जमीन क्षारयुक्त समजली जाते. भातपिकाबाबत सर्वसाधारण अंदाज असा आहे की हंगामातील सरासरी विद्युतवाहकता ३ पर्यंत असेल तर उत्पादनात फारशी घट येत नाही. त्यापुढे प्रत्येक एककाला सुमारे १२ टक्के घट येते. म्हणजे ५ असेल तर साधारण २४ टक्के आणि ७ असेल तर साधारण ४८ टक्के. वाणानुसार यात फरक पडतो.

या आकड्यांचा अर्थ नीट पाहावा. ‘जमिनीतील मीठ काढून टाकणे’ हे काम अशक्य वाटते. परंतु सरासरी ७ वरून ५ पर्यंत आणणे एवढेच साधले तरी संभाव्य उत्पादनाचा जवळजवळ चौथा हिस्सा वाचतो. मोजणी केली की अवाढव्य अडचणीतून एक बेताचे काम वेगळे काढता येते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे भाताचे पीक सर्व अवस्थांत सारखे नाजूक नसते. उगवण होताना आणि फुटवे येताना ते क्षार बऱ्यापैकी सहन करते. रोप दोन-तीन पानांवर असताना आणि पुढे पोटरी व फुलोऱ्याच्या काळात मात्र ते अतिशय संवेदनशील असते. म्हणून चार महिने जमीन गोडी ठेवण्याची खटपट करण्याऐवजी हे दोन नाजूक काळ सांभाळणे, हा नेमका प्रश्न उरतो.

खारपट्ट्याने शोधलेली उत्तरे

१) बांध आणि उघाडी : खारे पाणी अडविण्यासाठी मातीची बंदिस्ती घातली, तर पावसाचे पाणीही आतच अडून पडते. भात बुडते. म्हणजे पाणी बाहेरून आत येऊ नये, पण आतून बाहेर जावे, अशी दुहेरी गरज होती. यावर जुन्या लोकांनी उघाडी बसविली. ओहोटीच्या वेळी बाहेरील पातळी खाली जाते, आतील पाणी झडप ढकलून बाहेर पडते. भरती आली की तेच भरतीचे पाणी झडप घट्ट दाबून धरते. पंप नाही, इंजिन नाही. ज्या भरतीची भीती, तिच्याकडूनच दार लावून घेण्याचे काम करून घेतले आहे.

या बंदिस्तीची देखभाल हा एकट्यादुकट्याचा विषय कधीच नव्हता. जुन्या कुलाबा जिल्ह्यात अशा जमिनींसाठी ‘शिलोत्री’ नावाची स्वतंत्र धारापद्धती होती. बाहेरील बांधाच्या दुरुस्तीसाठी बिघ्यामागे ठरावीक भात बाजूला काढले जात असे. पुढे १९४८ मध्ये खारजमिनींसाठी मुंबई प्रांताचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला.

२) वाण : या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी क्षार सहन करणारे ‘राता’ प्रकारचे भात जतन करून ठेवले होते. त्यातून निवडलेले भुरा राता ४-१० आणि काळा राता १-२४ हे वाण क्षारसहनशील भातांमध्ये देशाबाहेरही ओळखले जातात. या भाताची उंची जास्त, ते लोळते, उत्पादन बेताचे. पण खाऱ्या जमिनीत टिकून राहण्याचा गुण त्यांच्यात होता. तो गुण आणि बुटक्या वाणांची उत्पादनक्षमता यांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतून पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे वाण पुढे आले. शेकडो वर्षे खाऱ्या जमिनीत पेरणी झाली नसती, तर हा गुण निवडला गेला नसता आणि संशोधकांच्या हातीही लागला नसता.

३) रहू पद्धत : रोपवाटिकेसाठी गोडी जमीन नाही, आणि लावणीच्या वेळी माणसे नाहीत, अशा ठिकाणी मोड आलेले बियाणे चिखलणी केलेल्या खाचरात फेकून पेरण्याची रीत रूढ झाली. यास ‘रहू’ म्हणतात. पहिल्या जोरदार पावसाने क्षार धुऊन निघाल्यावरच हे बी टाकावयाचे असते. बियाणे जास्त लागते व तण काढणे कठीण जाते, हे या पद्धतीचे तोटे आहेत. परंतु रोपवाटिकेची अडचण तिने पूर्णपणे बाजूला सारली.

४) रोपाचे वय : जेथे लावणी होते तेथे खारजमिनीत नेहमीपेक्षा जास्त वयाची, साधारण ३० ते ३५ दिवसांची रोपे वापरावीत आणि प्रत्येक चुडात रोपांची संख्याही थोडी वाढवावी. दोन-तीन पानांची नाजूक अवस्था रोपवाटिकेतच पार पडते आणि खाचरात जाते ते निबर रोप. चुडातील एखादे रोप मेले तरी जागा रिकामी राहत नाही.

५) पीक निघाल्यानंतरची मशागत : कापणीनंतर वाफसा येताच नांगरट केली, तर वरच्या थरातील केशनलिका तुटतात व क्षार वर येण्यास अटकाव होतो. पेंढा किंवा पालापाचोळ्याचे आच्छादनही याच कारणाने उपयोगी पडते. शेताच्या सखल कोपऱ्यात पावसाचे पाणी साठविल्यास सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओढ देतो तेव्हा, म्हणजे नेमक्या फुलोऱ्याच्या वेळी, एक संरक्षक पाणी देता येते.

या पाचही उत्तरांत एक समान धागा आहे. समुद्राला मागे हटविण्याचा प्रयत्न कोणीही केलेला नाही. समुद्र आहे तेथेच राहणार हे धरून चालल्यावर बाकीचे सुचत गेले आहे.

एकच पीक, दोन उलट उत्तरे

आता एक परदेशातील उदाहरण पाहू. मादागास्कर बेटावर आंरी द लोलानिए नावाचे फ्रेंच धर्मगुरू शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शेतीशाळा चालवीत असत. १९८३ मध्ये वेळ कमी पडल्याने त्यांना केवळ १५ दिवसांची भातरोपे लावावी लागली. इतकी कोवळी रोपे लावण्याचा तेथे प्रघात नव्हता. पीक जाईल अशी भीती होती. प्रत्यक्षात त्या रोपांना भरपूर फुटवे आले. पुढील वर्षांत त्यांनी हेच मुद्दाम करून पाहिले. कोवळे रोप, एका जागी एकच रोप, रुंद अंतर आणि पाणी सतत तुंबवून न ठेवता जमीन ओलसर राखणे, अशी सूत्रे त्यातून तयार झाली. हीच पुढे ‘श्री’ पद्धत म्हणून भारतातही परिचित झाली.

वाचकांच्या लक्षात आले असेल की हे उत्तर खारजमिनीच्या उत्तराच्या नेमके उलट आहे. तेथे १५ दिवसांचे एकच रोप, येथे ३० ते ३५ दिवसांची व चुडात जास्त रोपे. मग बरोबर कोणते? दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. तेथे अडचण वेळेची होती, येथे क्षारांची आहे. कोवळ्या रोपाची फुटवे देण्याची शक्ती शाबूत असते हे खरे, पण तेच रोप क्षाराने करपते हेही तितकेच खरे. खारजमिनीत ‘श्री’ पद्धत जशीच्या तशी उचलली तर रोपे मरण्याचा धोका आहे. गोड्या जमिनीत निबर रोपे वापरली तर फुटवे कमी येऊन उत्पादन घटते.

यावरून घ्यावयाचा धडा असा की दुसऱ्याचे उत्तर उचलण्यापूर्वी त्याचा प्रश्न काय होता ते विचारावे. आपला प्रश्न तोच असेल तरच उत्तर लागू पडते.

माणसे कमी पडली तेव्हा

पनवेल परिसरात १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यापासून शेतीचे चित्र झपाट्याने बदलत गेले. बरीच जमीन नव्या शहराकडे गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तरुण मुले नोकरीधंद्याकडे वळली, यात त्यांचा दोष नाही. परंतु ज्यांची शेती उरली आहे त्यांना लावणीच्या दिवसांत माणसे मिळत नाहीत.

हीच अडचण शेजारच्या कर्जत तालुक्यातही आहे. नेरळजवळील सगुणा बागेचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी या परिस्थितीत प्रश्नच वेगळ्या पद्धतीने मांडला. लावणीसाठी मजूर कोठून आणावेत, हे विचारण्याऐवजी लावणी आणि चिखलणी खरोखर आवश्यक आहे का, हे त्यांनी तपासले. त्यातून सगुणा भात तंत्र तयार झाले. यात एकदाच गादीवाफे करावयाचे असतात. त्यावर लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून बी टोकले जाते. चिखलणी नाही, लावणी नाही, पुढील पिकासाठी पुन्हा नांगरणी नाही. आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू दिल्याने मातीत हवा व पाणी खेळते राहते. सुरुवातीच्या तणनियंत्रणासाठी तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते, ही त्याची बाजूही ध्यानात घ्यावी. पाणी फार काळ साचणाऱ्या खाचरात किंवा खारजमिनीत हे तंत्र प्रथम लहान तुकड्यावर तपासूनच पुढे जावे.

खतांच्या बाबतीतही असेच घडले. कोकणातील मुसळधार पावसात फेकून दिलेला युरिया एका खाचरातून दुसऱ्या खाचरात व तेथून ओढ्यात जातो. पाऊस कमी करता येत नाही. तेव्हा खताचे रूप आणि जागा बदलण्याचा विचार झाला. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत भाताच्या तुसाची राख व पेंढ्याचा पुनर्वापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेट यांचा मेळ आहे. १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर लावणी केली की चार चुडांचा एक चौकोन तयार होतो. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी २.७ ग्रॅम वजनाची एक ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचली जाते. हेक्टरी असे ६२,५०० चौकोन होतात व खत सुमारे १७० किलो लागते. एका गुंठ्याला साधारण ६३० ब्रिकेट, म्हणजे १ किलो ७०० ग्रॅम खत पुरते. खत चिखलात खोल असल्याने पाण्याबरोबर वाहून जात नाही.

अडचणीतून उत्पन्न

काही ठिकाणी याही पुढचे पाऊल टाकलेले दिसते. गोव्यातील खाजन जमिनी आपल्या खारजमिनीसारख्याच आहेत. तेथील उघाडीला ‘मानस’ म्हणतात. मानशीच्या तोंडाशी भरती-ओहोटीबरोबर मासळी येते. ती पकडण्याचा हक्क लिलावाने देऊन मिळणारा पैसा बांधाच्या देखभालीसाठी वापरण्याची प्रथा तेथे पडली. ज्या खाऱ्या पाण्यामुळे खर्च येतो, त्याच पाण्यातून तो भागविण्याची ही सोय होय.

आपल्या अलिबाग तालुक्यातील शहापूर-धेरंड भागात घराशेजारील तलावांत जिताडा वाढविण्याची परंपरा आहे. जिताडा गोड्या आणि मचूळ अशा दोन्ही पाण्यांत जगतो. खाडीत मिळणारी त्याची पिल्ले पावसाळ्यात आणून तलावात सोडली जातात. ज्या गावाला एका बाजूने खाडी आणि दुसऱ्या बाजूने पावसाचे साठलेले पाणी, त्या गावाने दोन्ही पाण्यांत जगणारा मासा निवडावा, हे सहज म्हणून घडलेले नाही.

स्वतःहून घालून घेतलेली मर्यादा

आतापर्यंतच्या अडचणी निसर्गाने किंवा परिस्थितीने घातलेल्या होत्या. परंतु मर्यादा स्वतःहूनही घालून घेता येते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात नायगाव येथे श्री. विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे काम सुरू केले. पाणी थोडे होते. ते जमिनीच्या क्षेत्रावर न वाटता माणसांवर वाटावे, असे ठरले. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनांनाही वाटा. उसाला पाणी नाही.

हा नियम कडक होता. पण एकदा वाटा ठरल्यावर प्रत्येकाला आपल्या पाण्यात काय बसते याचा विचार करावा लागला. जास्त पाणी मिळविण्याची स्पर्धा संपली आणि आहे त्या पाण्याचा जास्त उपयोग करण्याची सुरू झाली. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या म्हणीचा एरवी आपण पाय आखडून घ्यावेत एवढाच अर्थ घेतो. येथे गावाने आधी अंथरुणाचे माप घेतले, मग ते सर्वांना पुरेल असे पसरले.

अडचणीचे गोडवे गाऊ नयेत

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. प्रत्येक अडचण उपकारक नसते, आणि शेतकऱ्याने हाल सोसले म्हणजे तो शोधक होतो असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे श्री. दादाजी खोब्रागडे यांच्याकडे अवघी दीड एकर जमीन होती. १९८३ च्या सुमारास त्यांना पटेल-३ या भाताच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते बी वेगळे ठेवले, स्वतंत्र लावले आणि वर्षानुवर्षे निवड करीत एक उत्तम बारीक भात तयार केला. तोच पुढे त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हणून बाजारात गाजला. लहान तुकड्यामुळे त्यांची नजर प्रत्येक रोपावरून फिरत होती, हे म्हणता येईल. परंतु ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले तोपर्यंत त्यांची आर्थिक ओढाताण संपली नव्हती, हेही तितकेच सत्य आहे. अडचणीने शोध दिला, पण शोधाचे मोल दिले नाही. ते समाजाने व व्यवस्थेने द्यावयाचे असते.

खारपट्ट्यातही हेच आहे. उधाणाने बाहेरील बांधाला खांड गेली आणि ती वेळेवर बुजविली नाही, तर खारे पाणी थेट शेतात शिरते. एका हंगामात मेहनतीने खाली आणलेले क्षार पुन्हा वर येतात. दोन-चार वर्षे तसेच गेले की शेतात कांदळवन उगवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ च्या आदेशांमुळे कांदळवन तोडता येत नाही. बांधाच्या बाहेर असलेले कांदळवन लाटांचा जोर मोडून बांधाचेच रक्षण करते, त्यामुळे ते राखणे हिताचेही आहे. परंतु खांडीतून आत शिरलेल्या कांदळवनाखालील शेत मालकाच्या हातून जवळजवळ गेल्यातच जमा होते. या ठिकाणी कोणताही वाण किंवा रोपाचे कोणतेही वय उपयोगी पडत नाही. खांड लहान असतानाच सर्वांनी मिळून ती बांधणे आणि खारभूमी विभागाकडे तातडीने लेखी पाठपुरावा करणे, हाच उपाय आहे.

तेव्हा अडचण उपयोगी पडण्यास तीन गोष्टी लागतात. ती नेमकी माहीत असावी. तिच्यात बदलता येण्याजोगे काहीतरी उरलेले असावे. आणि एखादा प्रयोग फसला तरी घरच्या भाताला धक्का लागणार नाही इतकी मोकळीक असावी. यांपैकी तिसरी गोष्ट नसेल तर शेतकरी प्रयोग करीत नाही, आणि त्यात त्याचे शहाणपणच असते.

आपल्या शेतावर कसे करावे?

१) मोजणी करा : मे महिन्यात, लावणीपूर्वी आणि फुलोऱ्याच्या सुमारास, असे तीन वेळा शेतातील वरच्या १५ सेंटिमीटर थराचे मातीचे नमुने घ्या. नमुना एकाच जागेचा नसावा. आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून त्यातील अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यावी. उंच व सखल भागांचे नमुने वेगळे ठेवावेत.

२) दोन रकाने करा : वहीच्या पानावर डाव्या बाजूस ‘बदलणार नाही’ आणि उजव्या बाजूस ‘बदलता येईल’ असे लिहून अडचण फोडा. डावीकडील गोष्टींवर यंदा वेळ घालवू नका.

३) प्रश्न लहान करा : ‘उत्पादन वाढवावयाचे आहे’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘फुलोऱ्याच्या पंधरा दिवसांत खाचरात गोडे पाणी कसे टिकवावे?’ हा प्रश्न कामाचा आहे.

४) एका गुंठ्यावर करून पाहा : एका गुंठ्यात नवी रीत आणि शेजारच्या गुंठ्यात नेहमीची रीत ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वाण, रोपाचे वय आणि खत तिन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला हे कळणार नाही.

५) नोंद ठेवा : पेरणी, लावणी, पावसाची उघडीप, फुलोरा व कापणी यांच्या तारखा लिहा. दोन्ही गुंठ्यांचे भात वेगवेगळे झोडून, वाळवून मगच वजन करा. एका वर्षाच्या निकालावर विसंबू नका. कोकणात पावसाचे प्रत्येक वर्ष वेगळे असते, म्हणून निदान तीन हंगाम पाहा.

६) निकाल सांगा : प्रयोग फसला तरी तो गावातील इतरांना सांगा. एका शेतकऱ्याचे फसलेले एक गुंठा दुसऱ्याचे एक एकर वाचविते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या शेतातील सर्वांत मोठी अडचण एका वाक्यात लिहा. त्या वाक्यातील कोणता भाग आपल्या हाती आहे?

२. शेजारच्या गावातील यशस्वी झालेली एखादी पद्धत निवडा. ती कोणत्या अडचणीवर निघाली होती? आपली अडचण तीच आहे का?

३. आपल्या बंदिस्तीवरील उघाडी शेवटची केव्हा दुरुस्त झाली? पुढील उधाणापूर्वी ती कोण पाहणार आहे?

यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकट्याने लिहू नये. पावसाळ्यापूर्वी खाचरे शेजारी शेजारी असलेल्या सर्वांनी बांधावरून एक फेरी मारावी आणि ते तेथेच ठरवावे.